दिनांकासह उपजिल्हाधिकारी

चकलांब्याच्या विठ्ठलरावांची थोरली, तेजश्री, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागली तेव्हा तिच्या मनात एकच होतं: वनस्पतिशास्त्र शिकायचं. बांधावरची सीताफळं ऐन भरात काळी का पडतात, हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. देवाची मर्जी, पाण्याचा दोष आणि शेजाऱ्याची नजर अशी तीन उत्तरं मिळाली होती. तिला चौथं हवं होतं.

पण हल्ली पदवीला नुसतं शिकून भागत नाही, नियोजन लागतं. कॉलेजात त्यासाठी 'पदवीकालीन नियोजन कक्ष' स्थापन झाला होता, आणि दुसरी खोली रिकामी नसल्यामुळे तो वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवला होता. सूक्ष्मदर्शक कपाटात गेले, टेबलांवर फायली आल्या. प्रत्येकाने चार वर्षांचा आराखडा तीन प्रतींत सादर करायचा. आराखडा मंजूर झाल्याशिवाय ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्राशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही.

कक्षाचे समन्वयक प्राध्यापक गहिनीनाथ यांनी तेजश्रीचा अर्ज वाचला आणि चष्मा काढून हातात घेतला.

"अंतिम ध्येय, वनस्पतिशास्त्र नीट शिकणे. हे काय लिहिलंय?"

"सर, तेच करायचंय."

"बाळ, शिकणं हे ध्येय नसतं. त्याला मोजमाप न्हाई. विद्यापीठाला मी काय कळवू, पोरगी वीतभर शिकली म्हणून? यादीतलं एक पद निवड."

मान्यताप्राप्त ध्येयांच्या यादीत बत्तीस पदं होती. तेजश्रीने ती वरून खाली वाचली. "सर, यात प्राध्यापक नाही."

"नसणारच. जागा रिकाम्या हायेत, पण भरत न्हाईत. मी स्वतः अकरा वर्षं तासिका तत्त्वावर हाय," असं सांगून सरांनी निर्विकारपणे तिच्या अर्जावर 'उपजिल्हाधिकारी' लिहिलं. पुढचा रकाना रुजू होण्याच्या तारखेचा होता.

"पण सर, परीक्षा, जाहिरात, निकाल?"

"ते शासनाचं नियोजन. हे तुझं. दिनांकाशिवाय आराखडा स्वीकारू नये, असं परिपत्रक हाय." चौथ्या वर्षानंतरचा एक जुलै ठरला, वेळ सकाळी साडेदहा. सरांनी गोल शिक्का असा दाबला की टेबल हललं.

तो कागद घरी आला आणि विठ्ठलरावांच्या हाती पडला. सरकारी कागदांशी आयुष्यभर झुंजून ते एक गोष्ट शिकले होते: मजकूर कुणीही लिहितो, खरा असतो तो शिक्का.

"आबा, ते नुसतं ठरवलंय," तेजश्री म्हणाली.

"पद हाय, तारीख हाय, शिक्का हाय. माझ्या जमिनीच्या फेरफारावर सुदीक इतका ठळक उमटला न्हवता. आणखी काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी ते गेवराईला सद्दामच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. सद्दामने धंद्याच्या सवयीने विचारलं, "काका, नावाच्या आधी 'भावी' टाकू का? सगळेच टाकतेत."

"भावी कावून? तुझ्या त्या भावी आमदारांकडं तारीख असती का?"

सद्दामने विचार केला. आजवर त्याने शेकडो भावी छापले होते, पण रुजू व्हायची तारीख घेऊन एकही आला नव्हता. "बराबर हाय," तो म्हणाला आणि त्याने 'भावी' पुसलं. बारा बाय आठच्या फ्लेक्सवर तेजश्रीचा फोटो, पद आणि 'रुजू दिनांक १ जुलै' एवढं आलं. खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो लावायचे असल्यामुळे साल काही बसलं नाही. महिना ऑगस्टचा होता. म्हणजे मॅडम रुजू होऊन महिना झाला, हे वाचणाऱ्याच्या आपोआप लक्षात येत होतं.

वेशीत लागलेला फ्लेक्स बघून एका म्हाताऱ्याने विचारलं, "अठराव्या वर्षी कसं काय झाली?" त्याला उत्तर मिळालं, "आता ऑनलाइन असतंय. लवकर होतंय."

मग सत्कार सुरू झाले. आधी गावाचा, मग भावकीचा, मग पतसंस्थेचा, मग पार कडा गावाकडच्या पाहुण्यांचा. नारळ इतके आले की घरात सगळ्यात खोबरं पडू लागलं, फक्त वरणात पडायचं राहिलं. शालींच्या घड्या घालता घालता आई, वनमाला, हसून हसून बेजार झाली. तेजश्रीची वर्गातली हजेरी एक्केचाळीस टक्क्यांवर आली, तेव्हा ती घाबरून गहिनीनाथ सरांकडे गेली. फ्लेक्सवर शुभेच्छुकांत सरांचाही फोटो होता, डावीकडून सातवा.

"काळजी करू नको," सर म्हणाले. "सत्कार मी व्यक्तिमत्त्व विकासात धरलेत. त्या रकान्यात तू एकशेचाळीस टक्के हायस. हजेरी तिथून भरून काढू."

सतराव्या सत्काराला तिने माईक हातात घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "मी पहिल्या वर्षाला आहे. मी कुणीही झालेली नाही."

सरपंचांनी डोळे पुसले. "एवढं मोठं पद, पण बघा, गर्व म्हणून न्हाई." टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी चार नवी निमंत्रणं आली.

तरीही पोरगी चिवट. एसटीत, मांडवामागं, हार गळ्यात असताना तिने पुस्तक पाठ केलं. हजेरीही सरांनी भरून काढली. सत्रपरीक्षेत वनस्पतिशास्त्राचा पेपर परगावच्या केंद्रावर होता. ती हॉलतिकीट घेऊन फाटकात पोहोचली आणि केंद्रप्रमुख अमरसिंह धावत आले. फ्लेक्स त्यांच्या चौकातही लागला होता.

"भरारी पथक आलंय," त्यांनी आत हाळी दिली. खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा असा पाऊस पडला की बाहेरच्या शेळ्या पळाल्या.

"सर, मी विद्यार्थिनी आहे. हे माझं हॉलतिकीट."

"समजलं, मॅडम. गुप्त तपासणीत तसंच सांगतेत. हॉलतिकीटसुदीक आणलंत, लई बारकाईनं काम करता."

"मला उत्तरपत्रिका द्या."

"अधिकाऱ्यांना उत्तरपत्रिका द्यायची तरतूद न्हाई," अमरसिंह अदबीने म्हणाले आणि चहासोबत त्यांनी शेरेबुक पुढं केलं. "तुमाला काय लिहायचं ते यात लिवा."

तेजश्रीने एका मुलाकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. तीन तास ती मान खाली घालून शेरेबुकात लिहीत होती. पानाचे भाग, मुळांचे प्रकार, बुरशीचे रोग, नामनिर्देशित आकृत्यांसह अकरा पानं. दारात उभ्या अमरसिंहांनी चहा दोनदा बदलून आणला. केंद्राचा इतका सविस्तर अहवाल आजवर कुणी लिहिला नव्हता.

अहवाल वर गेला. वरून आदेश आला: 'नमूद बुरशीचे तातडीने निर्मूलन करून अनुपालन सादर करावे.' केंद्राला दोनदा चुना लागला. तेजश्रीची अकरा पानं मात्र पोरांच्या उत्तरपत्रिकांसोबत कुणी तपासली नाहीत. निकालात तेजश्रीच्या नावापुढे 'गैरहजर' आलं.

त्या संध्याकाळी ती पडवीत बसली आणि मनसोक्त रडली. विठ्ठलराव शेजारी येऊन टेकले. त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर गोल शिक्का नव्हता, त्यामुळे त्यांना त्याची फारशी चिंता वाटली नाही.

"आबा, हे पद नको, तारीख नको. मला नुसतं वनस्पतिशास्त्र शिकायचंय हो."

विठ्ठलरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माणूस प्रेमळ. त्यांनी थोडा वेळ मनापासून विचार केला आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "शीक की. पण शिकून करायचं काय?"

विठ्ठलरावांना हसू नका. ते बिचारे सत्र संपल्यावर बोलले. तेजश्रीला काय शिकायचंय हे कळल्याबरोबर तुम्ही हाच प्रश्न मनातल्या मनात विचारून मोकळे झाला होता.