नव्वद फेऱ्यांचा घाट

वूलिंगचा घाट सायकलने चढणाऱ्यांच्या गुडघ्यांचे रक्षण व्हावे, या निर्मळ हेतूने आमच्या नगरकचेरीने पायडलगती कक्ष स्थापन केला. पाय भरभर फिरले की गुडघ्यावर भार कमी, म्हणून पायडल मिनिटाला नव्वद वेळा फिरलेच पाहिजे; न फिरल्यास क्रमांक मिळणार नाही, आणि क्रमांक नसलेली सायकल घाटाच्या नाक्यावरून परत पाठवली जाईल.

सदुसष्ट वर्षांचे ल्याओकाका चहाच्या मळ्यातून निवृत्त झालेले. जन्मभर घाटाच्या पायथ्याशी राहिले, पण खिंडीपर्यंत कधी पोचले नव्हते. वार्षिक घाटचढी रविवारी, आणि सोमवारी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. "त्यानंतर चढ विसरा," डॉक्टर म्हणाले होते.

चाचणीच्या टेकडीवर काकांचे साठच फेरे भरले.

"काय दमदार चढलात हो काका!" कक्षप्रमुख चुआंगबाई कौतुकाने म्हणाल्या. "नापास."

"अहो बाई, मी वर पोचलो की! तो नव्वदवाला पोरगा अजून खाली ओकतोय."

"ओकतानाही त्याचे पाय थांबले नव्हते. तशी नोंद आहे."

काकांनी सायकल दुरुस्तीवाल्या आ-हुईकडे नेली. त्याने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात ढकलली आणि मागच्या चाकाला ताटाएवढी दातेरी चकती बसवली. गिअर असा हलका झाला, की पाय नव्वद फिरत आणि सायकल गोगलगायीला वाट देई. तोल जाऊन काका दोनदा आडवे झाले.

"गती उत्तम," बाईंनी शेरा मारला. "मात्र नियमांत पडण्याची तरतूद नाही."

तेव्हा कक्षाने जनहितार्थ मागचे चाक अधांतरी उचलून धरणारी घोडी दिली. काकांचे फेरे एकशे दहा! विशेष प्रावीण्य. आठवड्याभरात सारे गाव उत्तीर्ण झाले. त्यात पाय प्लास्टरमध्ये असलेले एक गृहस्थही होते. त्यांचे पायडल पत्नीने हाताने फिरवले.

मग एक बारीकशी अडचण निघाली. सर्वांची पात्रता घोडीवर सिद्ध झालेली. त्यांना घोडीविना रस्त्यावर सोडणे नियमबाह्य. सबब घाटचढी नगरभवनात, घोड्यांवरच पार पडेल. नाका सायकलींसाठी बंद.

"बाई, एकदाच जाऊ द्या हो वर. सोमवारी गुडघा कापतायत."

"अहो, तुमच्या गुडघ्यासाठीच तर सगळं चाललंय!"

रविवारी काका चार तास जागच्या जागी घाट चढले. मोठ्या शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळाले: उंची तीन हजार दोनशे पंचाहत्तर मीटर. ते त्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतले आणि हळूच विचारले, "बाई, वरून काय दिसतं हो?"

चुआंगबाईंनी कागद परत घेऊन मागूनपुढून तपासला. "तसा रकाना नाही."

घरी काकू बोटातल्या मोजयंत्रावर बुद्धाचे नाम मोजत मालिका बघत होत्या. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले, "पोचलात का?"

"मोजलं," काका म्हणाले.

हसलात ना, मंडळी? हसा, हसा. उद्या सकाळी एकशे आठ मणी ओढून, माळ डोळ्यांना लावून खुंटीला अडकवाल, तेव्हा फक्त एवढे चाचपून बघा, मागचे चाक जमिनीला टेकले होते का.