चार बोटं कमी

"सुतार कशाला बाबा? मी आहे ना!" जावयाने फोनवर सासऱ्यांना ऐकवलं आणि तिथेच फसला. सासऱ्यांची उभी हयात सुतारकामात गेलेली. "मग बघायलाच येतो," ते म्हणाले, आणि आज दुपारी ते येणार होते.

हॉलची एक भिंत गोल. तिच्या पायथ्याशी नक्षीची रबरी पट्टी लावायची होती, हवी तशी वाकणारी. जावयाने टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ताणला, माप घेतलं आणि पट्टी खटकन कापली. लावायला गेला, तर चार बोटं कमी!

"अहो, टेप भिंतीला लावून फिरवायचा ना!" बायको म्हणाली.

"हे आत्ता सांगतेस होय? असू दे. रबरी आहे, ताणली की पुरेल."

पुरली खरी. पण हात काढला की गोंदासकट मागे सरके. डब्यावर लिहिलं होतं, वाळायला वीस मिनिटं. झालं! एका टोकाला जावई, दुसऱ्या टोकाला बायको, दोघंही जमिनीवर पालथी. मधला भाग भिंतीपासून सुटू लागला, म्हणून तिथे जावयाची आई पाठ टेकून बसली.

"या वयात मला भिंतीला चिकटवलंस रे बाबा!"

तेवढ्यात बेल वाजली.

"कुणी उठू नका!" जावई ओरडला.

"अरे, व्याही दारात उभे आहेत!"

"बाबा, दार नुसतं लोटलंय, या आत!" बायकोने हाक मारली.

सासरे आत आले आणि बघतच राहिले. धरणीने पोटात घ्यावं असं जावयाला झालं. तसा तो निम्मा तिथेच होता.

"माप सरळ घेतलंत, जावईबापू?"

"सरळच घेतलं, बाबा."

सासरे खो खो हसत सुटले आणि विहीणबाईंच्या शेजारी पाठ लावून बसले. "मीही हेच केलं होतं. सुतार असून, स्वतःच्या घरात! आमच्या बैठकीतलं ते मोठं कपाट आठवतं ना?"

"बाबा!" बायकोचा हात सुटता सुटता राहिला. "म्हणून ते कधी कुणाला हलवू दिलं नाहीत! आईलासुद्धा!"

"तिला तर मुळीच नाही."

जावयाचा जीव असा काही भांड्यात पडला, की तोही पडल्या पडल्या हसू लागला. वीस मिनिटांनी सगळ्यांनी जपून हात काढले. पट्टी राहिली! चहा होईपर्यंत मात्र एक टोक हळूच चार बोटं मागे आलं.

सासऱ्यांनी चष्मा लावून फट न्याहाळली.

"इथे एक कुंडी ठेवा. चांगली जड बघून आणा," ते म्हणाले. "कुंडीचं मी कुठे बोलणार नाही. कपाटाचं तुम्ही बोलू नका."