बेबी सीटवरचा साझ

इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलचे दातार काका साझ गाडीत ठेवतात तो लहान मुलाच्या कार सीटमध्ये, पट्टे आवळून. साझ म्हणजे लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य. काका रिटायर्ड इंजिनियर, घरी एकटेच. सीट कुठली म्हणून विचारलं तर म्हणतात, "सेलमध्ये होती. तू टाळी दे."

टाळी नऊ मात्रांची, तीही लंगडी: दोन, दोन, दोन, तीन. काकांच्या गराजमध्ये वर्षभर तुर्की लोकगीतांचं फ्यूजन शिजतंय. लॅपटॉपवर ड्रम मशीन, काकांकडे साझ, आणि पेटीवर मी, कारण मला नाही म्हणता येत नाही.

"या दोन पट्ट्यांच्या मधला सूर दे," काका म्हणतात.

"काका, मध्ये फट आहे."

"अरे, तिथेच तर म्युझिक आहे."

आवाजाबद्दल सोसायटीचं पत्र आलं, तेव्हा काकांनी ते पहिला रिव्ह्यू म्हणून फ्रिजवर लावलं.

हे सगळं वर्ल्ड म्युझिकच्या आवडीपोटी, असं काका सांगतात. खरं म्हणजे त्यांच्या मुलीनं, केतकीनं, डब्लिनमध्ये, तिकडे ओहायोत, तुर्की मुलाशी लग्न केलं आणि काका हट्टानं गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. नातू दीड वर्षाचा झाला, काकांनी तो फोटोतच पाहिलाय. मी कधी विषय काढला की काका साझ जुळवायला घेतात.

मंडळानं गणपतीच्या कार्यक्रमात आम्हाला सात मिनिटं दिली, नेमकी जेवणाआधीची. काकांनी स्टँडवर नोटेशनऐवजी फोन टेकवला. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी पुरणपोळ्या मोजक्याच असल्याचं जाहीर केलं आणि हॉल रिकामा झाला. पाचव्या मिनिटाला लॅपटॉप अपडेट घ्यायला बसला. ठेका गेला. काकांचा हात थांबला.

तेवढ्यात फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. दोन, दोन, दोन, तीन. ओहायोहून जरा उशिरा पोचत होत्या, पण मात्रा चोख. मी वाकून पाहिलं, तर काकांनी मला न सांगता व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. केतकी, तिचा नवरा, तुर्की सासू-सासरे, सगळे एका सोफ्यावर, आणि मांडीवरचं पोर वाटेल तशा टाळ्या पिटत होतं.

"बाबा, थांबू नका ना," केतकी म्हणाली.

काका थांबले नाहीत. सातची अकरा मिनिटं झाली, सूर बरेच चुकले, आणि मला पेटीच्या पट्ट्या नीट दिसेनात.

पुरणपोळी अर्थातच संपली होती. पार्किंगमध्ये मी सवयीनं साझ सीटमध्ये बसवायला गेलो, तर काकांनी तो माझ्या हातात दिला.

"तू मांडीवर धर. ती सीट पुसून ठेवायचीय. थँक्सगिव्हिंगला येतायत."