मोटारीला झूल

मोटारीला झूल घालावी, ही अक्कल माझीच. दुसऱ्या कुणाच्या माथी मारून खोटं बोलणार नाही.

चकलांब्यात तोवर मोटार कुणी बाळगली नव्हती. पाटोद्याच्या मोहनराव देशमुखांनी आपली जुनी विकायला काढली, अन् जोडीतला एक बैल अन् हातातलं चांदीचं कडं देऊन मी ती आणली. (हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पुढं सवड मिळणार नाही.) पण काय ते जनावर! शेपूट नाही, शिंग नाही, चाबकाची गरज नाही. गुरगुरलं की गावच्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. एकदा कुणी बघत नाही असं पाहून मीही जोडले. एवढ्या देखण्या जनावराला दृष्ट लागायचीच. म्हणून विकलेल्या बैलाची पोळ्याची झूल, आरशांची अन् कवड्यांची, तिच्या नाकाडावर घट्ट बांधली.

दोन कोसांवर मोटार उकळली. टोपणातून वाफ, पोटात गुडगुड.

"हिला ताप भरलाय," मी म्हणालो. उभी हयात गुरं सांभाळलेला माणूस मी, मला कळणार नाही?

"ताप न्हाई, मालक. पाण्याची टाकी हाय तिथं," मोटार हाकणारा गहिनीनाथ म्हणाला. "बीडच्या मिस्त्रीला दावावं लागंल."

राहिलेला बैल जुंपून मोटार बीडला ओढत नेली. मिस्त्रीनं आधी झूल सोडून अदबीनं खुंटीला टांगली. मग टाकी उतरवली, ठोकली, हुंगली, तिला डाग दिला. गावाबाहेर दूरवर चक्कर मारून आलो, तर गार!

"देखो चाचा, बर्फ!" मिस्त्री म्हणाला.

त्या हुन्नरापुढं मी पागोटं काढलं. पागोट्यावर भागेना, म्हणून बैल तिथंच बाजारात विकून पैसे चुकते केले. अन् झूल परत बांधून निघालो.

गाव यायच्या आत पुन्हा वाफ! पुन्हा मिस्त्री. त्यानं झूल सोडली, मोटार हिंडवली, की ही गार. सासरी रुसायचं अन् माहेरी खिदळायचं, असल्या सुनेसारखी वागत होती. मिस्त्रीनं मात्र प्रत्येक वेळी नवा रोग काढला अन् नव्यानं पैसे घेतले.

अशात केजला भाचीचं लग्न निघालं. मी सख्खा मामा. मामानं धरून आणल्याबिगर नवरी बोहल्यावर चढत नाही, अन् मुहूर्त गोरजाचा.

"पाव्हण्यांच्या बैलगाडीत जाऊ," बायको म्हणाली. मनकर्णा तिचं नाव.

"मामा मोटारीतूनच उतरंल!"

"उतरंल की. पर कुठं?"

मांजरसुंब्याच्या घाटात उतरलो. वाफ ढगासारखी. "मालक, टोपणाला हात लावू नगा!" गहिनीनाथ ओरडला. मी हात लावला. (मला कुणी नको म्हटलं की हात आपोआप जातो.) गंजाचं लाल पाणी उसळून कोऱ्या आंगरख्यावर अन् धोतरावर आलं. चटकेही बसले, पण ते मी कुणाला सांगितले नाहीत.

"असल्या अवतारात पोरीला बोहल्यावर न्यायचं?" म्हणत मनकर्णानं मोटारीच्या नाकाडावरची झूल ओढून काढली अन् माझ्या अंगावर गळ्यापासून बांधली. गहिनीनाथनं ओढ्याचं पाणी आणून टाकीत ओतलं. निघालो.

अन् काय नवल सांगू! पुढचा सगळा रस्ता मोटार उकळली नाही. केजच्या वेशीत थांबून मी तिच्या नाकाडापुढं तळवा धरला. ती आत वारा ओढत होती! म्हणजे तिला श्वास होता. अन् मी नाक बांधलं असताना, एवढे दिवस, ती गरीब गाय कोसकोस पळाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"टाकी धडच हुती की मग," गहिनीनाथ पुटपुटला.

"गप बस."

मुहूर्ताला आम्ही वेळेवर पोचलो. भाचीला धरून मांडवात शिरलो तर चालताना माझ्या कवड्या वाजत होत्या. अंतरपाट धरणारा भटजी मंत्र विसरला. लग्न लागल्यावर दाजी, म्हणजे नवरीचा बाप, मला खालून वर न्याहाळत मनकर्णेला म्हणाले, "वहिनी, मोटारीपायी दोन्ही बैल इकले म्हणं?"

"इकले की," मनकर्णा म्हणाली. "झुलीसाठी एक ठिवलाय."