घड्याळ थांबलं, काका उठले

घड्याळकाकांना स्वतःच्या बोटाचा भारी अभिमान! व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यांत फलकावरचं घड्याळ चालू-बंद करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "पंचांची शिट्टी वाजते न वाजते तोच माझं बोट बटणावर!" असं ते जेवताना बायकोला ऐकवत.

"मग मी हाक मारल्यावर जागचे हलत का नाही?" बायको विचारी.

त्या संध्याकाळी घरच्या संघाच्या कप्तानाचा कारकिर्दीतला शेवटचा सामना होता. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधून खेळणारा हा लंबू म्हणजे काकांचा जीव की प्राण. त्याचा संघ एका गुणानं मागे, तीन सेकंद उरलेले, घड्याळ थांबलेलं. चेंडू आत आला, कुणी झेलला की काकांनी बटण दाबायचं. बस्स, एवढंच!

चेंडू आत आला. झेलला तो नेमका कप्तानानं! आणि काका चक्क उभे राहून टाळ्या वाजवू लागले!

कप्तानानं एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला चकवलं, थोडं मागे सरकून निवांत चेंडू टाकला. तो जाळीतून अलगद खाली आला. सभागृहाचं छप्पर उडायचंच काय ते बाकी राहिलं! फलकावर मात्र अजून तेच तीन सेकंद. काकांचं आता तिकडे लक्ष गेलं. घाईघाईनं त्यांनी बटण दाबलं, ते निघालं भोंग्याचं! भोंगा बोंबलला, सामना संपला असं समजून खेळाडूंनी कप्तानाला खांद्यावर घेतलं. समोरच्या संघाचा प्रशिक्षक तणतणत काकांच्या टेबलापाशी आला. "घड्याळ काय जेवायला गेलं होतं?"

"काका, घड्याळ चालू केलंत का?" मुख्य पंचांनी विचारलं.

"करणारच होतो. हात जरा गुंतले होते."

"कशात?"

उत्तर मोठ्या पडद्यानं दिलं. संथ गतीत कप्तान उडी घेत होता आणि त्याच्या मागे काका, त्याहून संथ गतीत, डोळे भरून टाळ्या वाजवत होते! सगळं सभागृह खो खो हसलं. काकांच्या खिशातला फोन थरथरला. बायको! "अहो, टीव्हीवर तुम्हीच दिसताय! शर्टाचं तरी बटण लावायचं!"

पंचांनी चित्रफीत पुन्हा लावून वेळ मोजली. चेंडू हातातून सुटण्याआधीच सेकंद संपले होते. बास्केट बाद! खांद्यावरच्या कप्तानाला सगळ्यांनी हळूच खाली उतरवलं. ते उतरवणं काकांना बघवेना.

सभागृह रिकामं झालं तरी काका टेबलापाशीच बसून राहिले. खांद्याला पिशवी लावून कप्तान समोर येऊन उभा राहिला.

"घड्याळ पळताना दिसलं असतं तर तू झटकन टाकला असतास रे," काका म्हणाले. "तुझा शेवटचा सामना मी घालवला."

"मी फलकाकडे बघितलं होतं, काका. आकडा हलेना. टेबलाकडे बघितलं, तर तुम्ही टाळ्या वाजवताय." कप्तान कसानुसा हसला. "मला वाटलं, काकांनी माझ्यासाठी मुद्दाम थांबवलंय. म्हणून तर आरामात खेळलो!"

काकांचा चेहरा पार उतरला. "अरे, तसं मी कधीच करणार नाही!"

"माहीत आहे हो," कप्तान म्हणाला. "पण तेवढा वेळ काय बरं वाटलं म्हणून सांगू!"