एकवीस दिवसांचा ताप

आजाराला तिथी-वार नसतो, असा डॉक्टर लोकांचा समज आहे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत दुखण्यावरचे मलम ट्यूबांत भरणारा एक कारखाना आहे. त्याने हा समज आकडेवारीनिशी खोटा ठरवला आहे.

या कारखान्यात ‘रुग्ण कर्मचारी साहाय्य व पुनरागमन कक्ष’ आहे. कक्ष म्हणजे एक टेबल, एक पंखा (तोंड टेबलाच्या आतल्या बाजूला) आणि सुमंगलाबाय. आजारी माणसाला रजेवर सुखरूप पोचवणे आणि बरा झाल्यावर सुखरूप परत आणणे, हे कक्षाचे काम. ते इतके चोख चालते की आजारी पडावेसे वाटावे.

कक्षाच्या नोंदी अशा: एकूण कामगार १६२. पैकी ११८ जणांना दरवर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास ताप येतो. चवथीची सुट्टी दोन दिवसांची आणि घरचा गणपती पाच, सात किंवा अकरा दिवसांचा. या दोन आकड्यांमधल्या फरकाला कक्षात ताप म्हणतात. कोल्हापूर-बेळगावकडच्या कामगारांना तो एक दिवस आधी चढतो (बस लांबची). दीड दिवसाचा गणपती असलेले २९ जण ठणठणीत राहतात. उरलेल्या १५ जणांच्या घरी सुतक असते. सुतकात माणसाची प्रतिकारशक्ती वाढते, हे या कारखान्याच्या आधी कुणाच्या लक्षात आले नव्हते.

ताप उतरल्याचा पुरावा म्हणजे नेवऱ्या. घाटावर याच वस्तूला करंज्या म्हणतात आणि तिथे तिला वैद्यकीय महत्त्व नाही. इथे मात्र प्रमाणपत्राबरोबर नेवऱ्यांचा डबा टेबलावर ठेवल्याशिवाय कुणी बरा झाला, असे मानत नाहीत.

एवढ्या सुरळीत व्यवस्थेत पार्से गावच्या गोकुळदासने घोळ घातला. तो खरोखर आजारी पडला.

तृतीयेच्या संध्याकाळी तो गणपतीवरची माटोळी बांधत होता. लाकडी चौकटीला नारळ, सुपाऱ्या, तोरिंगण, कांगलां अशी हंगामी फळे, सगळे टांगून झाले होते. शेवटच्या भोपळ्याला हात लांब केला आणि स्टूल कलंडले. भोपळा वाचला, उजवा घोटा मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि कागदावर लिहून दिले: तीन आठवडे घरी, पुढचे तीन आठवडे बसून काम.

ते ‘बसून काम’ गोकुळदासच्या मनात बसले. ट्यूबा खोक्यात भरायचे काम आठ तास उभ्याने असते. आपल्याला फक्त एक स्टूल हवे, ते मिळाले की झाले, असे म्हणत तो मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून, पाय आडवा धरून कक्षात पोचला आणि अर्जात कारण लिहिले: माटोळी बांधताना पडलो.

सुमंगलाबायनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“मेल्या, ह्या काय लिवलंस?”

“जा घडला, ता लिवलंय.”

“चवथ हो सण. सणाक कोण आजार म्हणता? साहेब ह्यो कागद बघूक पण घेवचे नाय. ताप म्हणून लिव.”

“पण बाय, माका ताप नाय.”

“एकशे अठरा जणांक तरी खय आसा?”

गोकुळदासने दुसऱ्या कागदावर ‘ताप’ लिहिले. त्याच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, म्हणजे हिशेबाने तीन दिवसांचा ताप. प्लास्टरला ते पुरेना. बायनी वही उलटीपालटी केली आणि कनवाळूपणाने त्याला एकवीस दिवसांचा गणपती लावून दिला (सुट्टीचे दोन दिवसही तापातच धरले).

रजा त्याच दिवशी मंजूर झाली. खरा अर्जही बायनी फुकट घालवला नाही. सुरक्षा समितीकडे पाठवला. समितीने त्यावर दोन बैठका घेतल्या, स्टूल हे धोकादायक साधन ठरवले आणि कारखान्यातली नऊच्या नऊ स्टुले गोदामात कुलूपबंद केली.

बाविसाव्या दिवशी गोकुळदास कुबडीवर हजर झाला. लाईनवर सुपरवायझर अनिल उभा होता, बेळगावकडचा, मनाने चांगला.

“ताप उतरला न्हवं दादा? मग उभारा की.”

“अरे, पाय मोडलोहा! स्टूल दी.”

“कागदावर ताप हाय. तापाला स्टूल कुठं असतंय? आन् स्टुलं तुमच्यामुळंच बंद झाल्यात म्हणं.”

गोकुळदास एका पायावर उभा राहिला. समोरून दर मिनिटाला चाळीस ट्यूबा जात होत्या आणि प्रत्येकीवर हसरा, दुखणे थांबलेला घोटा छापलेला होता. तासाभरात त्याचा चांगला पायही सुजायला लागला. तेवढ्यात कक्षाकडून निरोप आला: नेवऱ्या पोचल्या नाहीत, सबब तुम्ही अजून बरे नाही, आणि एकवीस दिवसांच्या मानाने डबा मोठा असावा.

त्याने घरी फोन लावला. “मोडलेल्या पायान नेवऱ्यो?” असे विचारून त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, कारखान्याच्या सात पिढ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत भरून स्कूटरवरून पाठवला. सकाळी नऊला डबा कक्षात गेला. गोकुळदास बरा झाला. दुपारी बारापर्यंत एकशे बासष्ट माणसांनी तो रिकामा केला (सुरक्षा समितीने दोनदा हात घातला).

रिकामा डबा गोकुळदासने धुतला, लाईनवर आणला, उपडा घातला आणि त्यावर बसला.

अनिल धावत आला. त्याने समितीचा आदेश वाचला. त्यात डब्याचे नाव नव्हते. तो सुमंगलाबायकडे गेला. बायनी तोंडातली शेवटची नेवरी संपवली आणि वहीत लिहिले: डबा, नग एक, प्रकृतीच्या पुराव्यादाखल कामाच्या जागी ठेवण्यास हरकत नाही.

गोकुळदास तीन आठवडे डब्यावर बसला. घोटा बरा झाला. पुढच्या चवथीला आठजणांनी एकवीस दिवसांचा ताप आगाऊ नोंदवला आणि डबे कुठल्या तेलाचे चालतील, याची चौकशी केली.

हे वाचून हसलेल्या वाचकांना कक्षाची नम्र विनंती आहे. गेल्या चवथीला अंथरुणातून उठवत नसताना तुम्ही आरतीत झांज वाजवल्याचा जो फोटो स्वतःच ऑफिसच्या ग्रुपवर टाकलात, तो तुमच्या अर्जाला जोडून ठेवला आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तुमच्या नेवऱ्या तेवढ्या अजून पोचलेल्या नाहीत. तोवर तुम्ही आजारीच आहात.