देवस्थळी काकांचा अर्धा सिनेमा

आमचे देवस्थळी काका मध्यांतराला उठतात. सिनेमा कुठलाही असो, पडद्यावर 'मध्यांतर' अशी अक्षरं आली की काका पायाने चपला चाचपायला लागतात. समोसा खायला वगैरे नाही हं, थेट घरी. जाताना दारात जो कोणी आशाळभूतासारखा उभा असेल त्याच्या हातात अर्धं तिकीट ठेवतात, "जाओ बेटा, बाकी का तुम देख लो," म्हणतात आणि नोएडाची बस पकडतात.

आणि तरीही प्रत्येक सिनेमाचा शेवट त्यांना माहीत असतो!

"काका, खुनी कोण?"

"नणंद."

"पण ह्यात नणंदच नाहीये."

"दुसऱ्या भागात येईल. फाइल बंद!"

ही 'फाइल बंद' म्हणजे बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीची कमाई. रिटायर होऊन नव्या सेक्टरात घर बांधलं, पण फायली काही सुटल्या नाहीत. दूधवाल्याने पाणी घातलं, काकांनी दूधवाला बदलला, फाइल बंद. शेजारच्या खन्नांनी गाडी गेटसमोर लावली, मध्ये फक्त एक भिंत, तरी तीन दिवस पत्रव्यवहार झाला, फाइल बंद. चष्मा कायम कपाळावर, आणि खिशात दोन पेनं. झोपायच्या बनियनला खिसा नाही ह्याचं त्यांना मनापासून दुःख होतं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. मूळचा बार्शीचा. तेव्हा रोज नवीन चॅनेल निघत होतं आणि ज्याला दोन वाक्यं धड बोलता येतात त्याला नोएडात नोकरी मिळत होती. मला तर चौदा आवाजांत बोलता यायचं. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून ज्या हातावर छड्या खाल्ल्या, त्याच हातात आता पगार पडत होता. अब बोलो!

गाझियाबादच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्टेजवर देवस्थळी काका केले. चष्मा कपाळावर, मान तिरकी, "फाइल बंद!" अख्खा हॉल लोळला. काका पहिल्याच रांगेत. कार्यक्रम संपल्यावर मागे आले. म्हटलं, आता खोली सोडावी लागणार.

"आवाज बिल्कुल बरोबर," ते म्हणाले. "पण चष्मा मी उजव्या हाताने वर करतो. तू डावा वापरलास. त्रुटी."

त्याच मंडळात काकांचा स्वतःचाही एक हुकमी आयटम होता. एक जुना गाजलेला खुनाचा सिनेमा. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कोणी पाहिला नसेल तर मलाच शिव्या घालाल. काका ती गोष्ट कोजागिरीला सांगायचे, पिकनिकला सांगायचे, एकदा तर बारशाला सांगितली. हवेली, वादळ, बंद खोलीत शेठजींचा मुडदा. "आणि शेवटी," काका उभे राहायचे, "जिन्यावरून टक, टक, टक, हिरव्या साडीतली नणंद खाली येते. हातात अडकित्ता!"

बायका दचकायच्या. दर वर्षी त्याच बायका, त्याच जागी.

हा सिनेमा मीही धड पाहिला नव्हता. लहानपणी आमच्या गावी तंबूत लागला होता, पण मुडदा दिसला की आईचा तळहात माझ्या डोळ्यांवर. मला त्या सिनेमाची आठवण म्हणजे आईच्या बोटांना येणारा लसणाचा वास, बस. पण एक गोष्ट पक्की ठाऊक होती.

"काका, तो सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे ना? मग साडी हिरवी कशी कळली?"

"हिरवीच होती."

"पण..."

"हिरवी!"

फाइल बंद म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच. मी काय सोडतोय! मंडळाच्या चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर शर्त लावली. सिनेमा आणायचा, शेवटपर्यंत बघायचा. नणंद निघाली तर काकांची नक्कल आयुष्यात करायची नाही. नाही निघाली तर काकांनी पुन्हा कुणालाही कुठल्याही सिनेमाचा शेवट सांगायचा नाही.

"मंजूर," काका म्हणाले. "लेखी दे."

रविवारी दुपारी मी अट्टा मार्केटमधून कॅसेट आणि व्हीसीआर भाड्याने आणला. काकांच्या बैठकीत कूलर घुरघुरत होता. टीव्हीवर काकूंचा फोटो. मी राहायला येण्याच्या आधीच काकू गेल्या होत्या. मला ओळख त्या फोटोपुरतीच, जरा मिश्कील दिसणाऱ्या बाई.

पहिला भाग काकांना तोंडपाठ. "आता मांजर येईल." मांजर आलं. "आता दिवा विझेल." विझला. मी मनातल्या मनात माझ्या नकलांना निरोप द्यायला लागलो. मग पडद्यावर 'मध्यांतर' आलं आणि काका उठले. एका पायात चप्पल घालूनही झाली.

"काका, घर तुमचंच आहे. जाणार कुठे?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली, चप्पल काढली आणि बसले. ह्यापुढचं त्यांनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसरा भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील. नणंद बागेत गेली, एक किंकाळी आली, आणि विहिरीपाशी नणंदेचा मुडदा.

"मेली?" काका म्हणाले.

"मेली."

"नाटक करत असेल. उठेल."

पुढच्या सीनमध्ये चिता पेटली.

"काका, जाळली."

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. खुनी जिन्यावरून खाली यायला लागला, नुसते बूट दिसत होते, आणि लाइट गेली. सगळ्या सेक्टरातून "ओऽऽ" असा आवाज आला. कूलर थांबला.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण काका फोटोकडे बघत होते.

"मला हिने सांगितलं होतं," ते म्हणाले. "आमची शशी तेव्हा दहा महिन्यांची. रात्रभर रडायची, आईच्या डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही. दिल्लीत आपलं कोण? माझी मोठी बहीण, अक्का, पानिपतला होती. महिन्यातले आठ दिवस यायची, पण तुमचं मूल तुम्ही बघा म्हणायची. मग आम्ही एका तिकिटात दोघं जायचो. पहिला भाग मी बघायचा. मध्यांतराला ही शशीला घेऊन थिएटरच्या दारात उभी. पोरगी माझ्याकडे, अर्धं तिकीट हिच्याकडे. मी बाहेर लॉनवर बसायचो शेंगदाणे खात. मग बसमध्ये मी हिला सुरुवात सांगायची, आणि हिने मला शेवट."

"दारवाला सोडायचा?"

"सोडायचा की. शशीला बिस्किटं द्यायचा." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "ही बाहेर यायची तेव्हा डोळे लाल, सुजलेले. मला वाटायचं, रडली. म्हटलं काय हळवी बाई आहे."

मी हळूच विचारलं, "काका, अक्का साडी कुठल्या रंगाची नेसायच्या?"

"हिरवी," काका म्हणाले. "बाराही महिने."

"आणि अडकित्ता?"

"पिशवीत. सुपारीशिवाय तिला जेवण..."

वाक्य तिथेच थांबलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला रडवलं आपण. पण काका हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसत, खोकत हसत होते.

"अरे, झोपायची ती! त्या गारेगार हॉलमध्ये ढाराढूर झोपायची! आणि बसमध्ये बसून अक्काला फासावर चढवायची!"

"काका, पण प्रत्येक सिनेमात नणंदच? तुम्हाला कधी शंका नाही आली?"

"मला वाटलं, तेव्हा तसेच सिनेमे निघत होते."

लाइट आली. कूलर घुरघुरला. मी टेप पुढे चालू केली. जिन्यावरून वकील उतरला. खुनी वकील होता. काकांनी तोंड वाकडं केलं.

"ह्यॅ. हिचा शेवट जास्त चांगला होता."

"काका, शर्त कॅन्सल. तुम्ही मंडळात नणंदच सांगा."

"नियम म्हणजे नियम. तू जिंकलास. नक्कल कर. पण चष्मा उजव्या हाताने." त्यांनी टीव्हीवरचा फोटो उचलला, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि परत ठेवला. जरा जास्तच वेळ पुसली.

मी त्यांच्याच आवाजात विचारलं, "मग? फाइल बंद?"

"छे! आत्ताच तर उघडलीय. असे अजून एकवीस सिनेमे आहेत. पुढच्या रविवारी दुसरा आण." काका खिशातलं पेन काढून कागद शोधायला लागले. "बघू या तरी, कुठल्या सिनेमाला ती किती जागी होती."